अंगणातली तार तोडा

धाकटी काकी गेली तेव्हा दारात बसलेल्या माणसांत एकच वाक्य फिरत होतं. "वेळ भरली हुती तिची, तारंचं निमित्त झालं." येणारा प्रत्येक जण टोपी काढून बसायचा, थोडा वेळ जमिनीकडे बघायचा आणि हेच म्हणायचा. मी तेव्हा अकरावीत होतो. त्या वाक्यानं मला बरं वाटत होतं, हे आज कबूल करतो. कारण ती तार ओढताना एका टोकाला नाना होते आणि दुसऱ्या टोकाला मी. वेळच भरली होती म्हटल्यावर आमच्या दोघांच्या हातांचा काही संबंध उरत नव्हता.

आता साठी जवळ आली. इतक्या वर्षांत ते वाक्य मी आणखी किती दारांत ऐकलं, मोजलेलं नाही. म्हणून त्या वाक्याशी एकदा उघड भांडायचं ठरवलं आहे. वेळबिळ काही भरत नाही. ओल्या हाताची बाई, लोखंडी तार, पत्र्याचं घर आणि उघडी पडलेली वायर, हे चार एकत्र आले की माणूस मरतं. यातली तीन आपण पुरुष जुळवून ठेवतो. चौथी बाई रोज सकाळी बुट्टी घेऊन चालत येते.

आधी वलणीचं सांगतो, म्हणजे तार कशी आली ते कळेल.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. जुनं घर दगडमातीचं, माळवदाचं. पुढं अंगण, अंगणात बाभळीच्या दोन मेढी पुरलेल्या आणि त्यांच्यात आज्जीची वलणी. ती दोरी केकताडाच्या वाखाची असायची. ओढ्याकडेला, बांधावर केकताड माजलेलं असे. त्याची पानं कुजवून, आपटून, धुऊन वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे, हे काम गावात मातंगांच्या घरांकडे होतं. कासरा, दावं, नाडा, चऱ्हाट सगळं त्यांच्याकडून यायचं. सुगीला खळ्यावर त्यांना धान्य मिळायचं, तेही हातचं राखून. त्यांच्या हातच्या दोरावर सगळ्या गावाची मोट चालली आणि सगळ्या गावाची लुगडी वाळली, पण त्याचं मोल गावानं कधी नीट केलं नाही. तो हिशेब वेगळा आहे, तरी दोरीचं नाव निघालं की तो आठवतो आणि आठवायलाच हवा.

आज्जीची वलणी एकेरी नव्हती. दोन दोऱ्या एकमेकींत पीळ देऊन ताणलेल्या असायच्या. लुगडं वाळत घालताना आज्जी अंगठ्यानं पीळ थोडा उघडायची, लुगड्याचं टोक त्यात खुपसायची आणि अंगठा काढून घ्यायची. पीळ आपोआप मिटायचा. मग चैत्रातली वावटळ आली तरी लुगडं हलायचं, सुटायचं नाही. चिमटा ही वस्तू मी पहिल्यांदा सांगलीत मावशीच्या घरी बघितली. लाकडाचे दोन तुकडे आणि मधे स्प्रिंग. मला ते खेळणं वाटलं. आज्जीला एक आणून दाखवला तर तिनं तो नाकाला लावून बघितला आणि म्हणाली, "ह्ये इकत घ्यायचं? आन् पिळाला काय झालंय?"

मधोमध वलणी झोळ खायची. तिथं टेकू म्हणून एक बेचकं लावलेलं असायचं, बोरीचं नाहीतर सुबाभळीचं. ओलं नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, पिळलं तरी पाणी धरणारं. ते चौघडी करून टाकलं की दोरी खाली यायची, मग बेचकं जरा आत सरकवायचं की वर जायची. ऊन बघून, वारा बघून ते बेचकं दिवसातून दोन-तीन वेळा हलायचं. वाकळ कधी वलणीवर टाकत नसत. ती गडग्यावर किंवा उभ्या केलेल्या बाजेवर. लहान पोरांची कापडं केकताडाच्या कुंपणावर. प्रत्येक कापडाची जागा ठरलेली.

हे सांगतो म्हणजे मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला आहे असं समजू नका. वाखाची दोरी दोन पावसाळ्यांत कुजायची. आण्णांच्या पांढऱ्या धोतरावर तिचे तांबूस डाग पडायचे. एकदा दिवाळीच्या धुण्याला ती मधोमध तुटली आणि सगळं धुणं चिखलात गेलं. आज्जीनं दिवसभर शिव्या दिल्या आणि संध्याकाळी पुन्हा नदीवर गेली. दोरीत खोट होती. पण त्या खोटीनं चिखल लागायचा, जीव जात नव्हता.

मग द्राक्षं आली. आमच्या भागात द्राक्षबागा वाढल्या तशी तारेची भेंडोळी घरोघर आली. मांडवाला लोखंडी अँगल आणि त्यावर आठ, दहा, बारा गेजच्या जस्ती तारा. बाग उभी राहिली की उरलेली तार घरी. फुकटची, चकचकीत, न तुटणारी. बादलीची कडी तुटली, लाव तार. शेळ्यांचा वाडा, बांध तार. फाटकाची बिजागरी, पिळ तार. वलणीची दोरी कुजली, ओढ तार. गावातली वाखाची दोरी अशी चार-पाच वर्षांत दिसेनाशी झाली. कुणी ठरवलं नाही, बैठक झाली नाही. हाताशी होती म्हणून तार आली.

त्याच सुमाराला घरं बदलत होती. भाऊ वेगळे निघत होते. नाना आमच्यातून वेगळे झाले आणि मागच्या मोकळ्या जागेत दोन खण पत्र्याचे घातले. भिंतीला पत्रा, वर पत्रा, सांगाडा लोखंडी अँगलचा. खांबावरनं वीज घ्यायची तर वायर सरळ पत्र्याच्या कडेवर टेकवून आत घेतली. तेव्हा सगळेच तसं घ्यायचे, आजही घेतात.

काकीला वलणी पुढच्या अंगणात, उन्हात हवी होती. ती तसं म्हणालीसुद्धा. नाना म्हणाले, "रस्त्यावरनं बायकांची कापडं दिसत्यात. मागं बांधू." म्हणून वलणी मागं गेली, वळचणीखाली, न्हाणीजवळ, जिथं ऊन कमी आणि ओल जास्त. एक टोक शेडच्या अँगलला, दुसरं शेवग्याला. मी शेवग्याच्या बाजूला होतो. नाना पक्कड घेऊन ओरडत होते, "ओढ, आजून ओढ." मी ओढली. तार तंबोऱ्यासारखी वाजायला लागली. काकीनं एक बोट मारून बघितलं आणि हसली. म्हणाली, "आता वाकळ टाकली तरी वाकत न्हाई बघ."

त्या वर्षी श्रावणात चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी ऊन पडलं. चार दिवसांची कापडं तुंबलेली. काकी बुट्टी घेऊन मागं गेली, अनवाणी, चिखलात. ओरडण्याचा आवाज आला नाही. तिचा धाकटा पोरगा पुढं येऊन म्हणाला, "आई बोलंना झालीया." नाना पळत गेले आणि त्यांनी तिला धरलं. ते फेकले गेले म्हणून वाचले. आण्णांनी मेन स्विच खाली ओढला. तरी पत्र्याला हात लावला की मुंग्या येत होत्या. शेवटी कुणीतरी कोरडी वेळूची काठी आणली आणि तिचा हात तारेवरनं ढकलून सोडवला. बैलगाडी जुंपून, मग वाटेत जीप धरून तालुक्याला नेलं. नेईपर्यंत संपलं होतं.

वायरमन आला, डीपीवरनं लाइन बंद केली, शिडी लावून वर चढला आणि मला वर बोलावलं. खांबावरनं आलेली वायर पत्र्याच्या कडेला वाऱ्यानं घासून घासून सोलली होती. नखाएवढी जागा. तिथनं वीज पत्र्यात, पत्र्यातनं अँगलमध्ये, अँगलमधनं तारेत. आणि तारेतनं काकीत.

दारात बसलेल्यांपैकी कुणीतरी मान हलवत विचारलं होतं, "पर तिनं हात का सोडला न्हाई?" म्हणजे चूक तिचीच. पुढं मी वीजतंत्री झालो, आयटीआय केली, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला शिकवलं गेलं. सोडता येत नाही म्हणून सोडला नाही. दहा-पंधरा मिलीअँपियरच्या पुढं प्रवाह गेला की हाताचे स्नायू आपल्या ताब्यात राहत नाहीत. मूठ आवळली जाते आणि मेंदू कितीही ओरडला तरी उघडत नाही. कापड टाकताना बाई तारेला खालून आधार देते, बोटं तारेभोवती वळलेली असतात. त्याच स्थितीत मूठ गच्च होते. ओरडायला छातीतली हवा बाहेर टाकावी लागते, तेही स्नायूंचंच काम. म्हणून आवाज येत नाही.

आता हिशेब बघा. घरची वीज २३० व्होल्टची. अंग ओलं, पाय चिखलात, म्हणजे शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास धरा. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलीअँपियर. हृदयाची लय बिघडवायला याच्या चौथा हिस्साही पुरतो. आणि घरातला फ्यूज? तो पाच अँपियरचा, म्हणजे पाच हजार मिलीअँपियरचा. बाई मरताना जो प्रवाह वाहतो तो फ्यूजच्या खिजगणतीतही नसतो. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणूस जळू नये म्हणून नव्हे. "आमच्याकडं फ्यूज हाय की" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा भागाकार करून दाखवतो.

पुढची गोष्ट त्याहून वाईट आहे. आण्णांनी मेन ओढला तरी पत्र्यात वीज होती, कारण वायर मेनच्या अलीकडेच, खांब आणि मीटरच्या मधे सोललेली होती. तिथं आपला मेन चालत नाही, आपला फ्यूज चालत नाही, आणि आज बाजारात मिळणारं ईएलसीबीसुद्धा चालत नाही. ईएलसीबी चांगली वस्तू आहे. घरातल्या वायरिंगमधून, पंख्यातून, गिझरमधून तीस मिलीअँपियर वीज भलतीकडे गळायला लागली की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडते. एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीत येते. प्रत्येकानं बसवावी, आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. पण ती स्वतःच्या पुढचं राखते, मागचं नाही. म्हणून यंत्र बसवलं आणि तार तशीच ठेवली, असं चालणार नाही. तार काढावीच लागेल.

देशात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात हा आकडा वर्षानुवर्षं दिसतो. त्यात शेतातली मोटार आली, तुटून पडलेली लाइन आली, सगळं आलं. वलणीचा वेगळा रकाना नाही. पण पावसाळ्यात जिल्ह्याच्या पानावर ती चार ओळींची बातमी वाचली नाही असा माणूस दाखवा. कपडे वाळत घालताना विजेचा धक्का, महिलेचा मृत्यू, वाचवायला गेलेला मुलगाही दगावला, परिसरात हळहळ. हळहळ झाली की विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत त्याच तारेवर शेजारणीची कापडं.

माझा राग या हळहळीवर आहे. तार बांधायची जागा पुरुष ठरवतो. अँगलला गाठ तो मारतो. वायर पत्र्यावर टेकवून पैसे तो वाचवतो. त्या तारेला आयुष्यात कधी ओलं कापड घेऊन हात लावायची वेळ मात्र त्याच्यावर येत नाही. ज्याला हात लावायचा नाही त्यानं ठरवायचं आणि जिला रोज लावायचा तिला विचारायचंसुद्धा नाही, असा हा कारभार. काकी पुढचं अंगण मागत होती. तिथं ऊन होतं, मोकळी जागा होती, पत्रा नव्हता. बायकांची कापडं रस्त्यावरनं दिसू नयेत या लाजेनं वलणी वळचणीला गेली. ज्या कापडांना कडक ऊन सगळ्यात जास्त पाहिजे, ती तर लुगड्याच्याही खाली, अंधारात वाळतात. ही लाज कुणाची आणि त्यासाठी ओलीत उभी कोण राहते, याचा एकदा घरात बसून विचार करा.

खंडेनवमीला आपण मोटारीला हार घालतो, मीटरला हळदकुंकू लावतो, पाना-पक्कड धुऊन पाटावर मांडतो. मला त्यात वावगं वाटत नाही, मी स्वतः करतो. पण त्याच घराला अर्थिंगचा खड्डा आहे का, त्यात कोळसा-मीठ कधी भरलं होतं, उन्हाळ्यात त्यात घागरभर पाणी कुणी ओतलं का, हे विचारलं तर घरधनी आभाळाकडे बघतो. बल्ब लागतो ना, मग झालं. बल्ब अर्थिंगशिवायही लागतो. अर्थिंग बल्बासाठी नसतंच.

ही सगळी बडबड मी गावात बरीच वर्षं करतो आहे. लोक ऐकतात, चहा देतात आणि मग कारणं सांगतात. ती कारणंही इथं घेतो, कारण ती सगळीच खोटी नाहीत.

पहिलं कारण, दोरी टिकत नाही. खरं आहे. नायलॉनची दोरी उन्हानं करपते, दोन-तीन उन्हाळ्यांत तिचे तंतू हाताला टोचायला लागतात. मग बदला. एका वेळच्या चहा-भज्यांच्या पैशात अंगणभर दोरी येते. दरवर्षी बदलावी लागते हा दोरीचा दोष म्हणून सांगतात, मला तो तिचा गुण वाटतो. निदान वर्षातून एकदा तरी घरधनी त्या जागेकडे मान वर करून बघतो. तार वीस वर्षं टिकते, आणि वीस वर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही.

दुसरं, दोरी वजन पेलत नाही. एकेरी आणि लांबलचक बांधली तर नाहीच पेलणार. दुपदरी पीळ द्या, अंतर कमी ठेवा, मधे बेचकं लावा. आज्जी याच दोरीवर घरातल्या सगळ्यांची नऊवारी आणि धोतरं वाळवत होती. वाकळ आणि चादरीचे गठ्ठे गडग्यावर जाऊ द्यात. पीळ दिलेल्या दोरीला चिमटेही लागत नाहीत. ते प्लास्टिकचे चिमटे तरी किती टिकतात? एक उन्हाळा खाल्ला की दाबल्यावर कडकन मोडतात आणि लोखंडी स्प्रिंग गंजून पोराच्या शर्टाला तांबडा टिळा लावते.

तिसरं कारण नवं आहे. दुकानदार म्हणतो, ही घ्या प्लास्टिकचं कव्हर असलेली तार, शॉक लागत नाही. ही तर सगळ्यात फसवी. कव्हर उन्हानं तडकतं. आणि गाठ मारायला दोन्ही टोकं सोलावी लागतात. म्हणजे जिथं ती अँगलला बांधली जाते नेमकी तिथंच ती उघडी. आत लोखंड, वर भरवसा.

चौथं, एका हुशार पोरानं विचारलं, "ओल्या दोरीतनं वीज जात न्हाई व्हय?" जाते. चिंब भिजलेल्या, मळक्या दोरीतून थोडी वीज जाऊ शकते, हे लपवत नाही. लोखंडाच्या मानानं ती फार कमी, पण शून्य म्हणता येत नाही. म्हणून दोरी बांधली एवढ्यावर काम संपत नाही. ती कशाला बांधली ते महत्त्वाचं. पत्र्याला, अँगलला, लोखंडी पाइपला, विजेच्या खांबाला, खांबाच्या ताणाला दोरीसुद्धा बांधायची नाही. बाभळीची मेढ, झाड, दगडी भिंतीतली लाकडी खुंटी, यांनाच बांधायची. आणि वरून वायर जात नाही ना, हे मान वर करून बघायचं.

पाचवं कारण कुणी तोंडानं सांगत नाही, पण ते सगळ्यांत घट्ट बसलेलं आहे. बाईनं जपून करावं. पायात चप्पल घालावी, हात पुसावेत, आधी टेस्टर लावून बघावा. चप्पल घालावीच, मी नको म्हणत नाही. पण सकाळी चूल, पोरं, धारा, रानात भांगलायला जायची घाई, यात तिनं रोज टेस्टर घेऊन तार तपासायची, आणि नवऱ्यानं एकदा पक्कड घेऊन ती तोडायची नाही, हा कुठला न्याय? बरं, टेस्टर पेटला तर धोका आहे हे कळतं. नाही पेटला म्हणजे धोका नाही असं म्हणता येत नाही.

शहरातली माणसं हे वाचताना म्हणतील, हा खेड्यातला प्रश्न. आमच्याकडे बाल्कनीत छताला कप्पीचं स्टँड आहे, दोरी ओढली की कपडे वर. मी पुण्यात पोरीकडे जातो तेव्हा तिच्या गच्चीवर जातो. तिथं तारा आहेत. एक टोक सोलरच्या पाइपला, दुसरं डिश अँटेनाच्या खांबाला, मधून केबलच्या वायरी. सहा मजले वर, पण गाठ मारणाऱ्याची अक्कल तीच. आणि गच्चीवरनं खाली बघितलं की शेजारच्या नव्या बिल्डिंगचे मजूर दिसतात. पत्र्याच्या खोल्यांची रांग, उघड्या जोडांच्या वायरी, आणि खोलीपासून खोलीपर्यंत ओढलेली बांधकामाची लोखंडी तार, तिच्यावर लेकराबाळांची कापडं. आमच्या नानांचं शेड पंचवीस वेळा छापून ओळीनं ठेवावं तसं. त्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेणाऱ्यांनी पार्किंगची चौकशी करताना एकदा त्या रांगेचीही करावी. दहा मीटर दोरी आणि दोन बांबू, ठेकेदाराला जड नाहीत.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी, कारण काकीबरोबर नानाही जाणार होते. कुणी तारेला चिकटलेलं दिसलं तर धावत जाऊन धरू नका. माया तिथं दुसरा बळी घेते. मेन बंद करा, पण मेन बंद केला म्हणजे वीज गेलीच असं धरू नका. कोरडी काठी, कोरडं लाकडी दांडकं घ्या, कोरड्या जागेवर उभं राहून माणसाला तारेपासून सोडवा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरानं, भराभर दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. काकीला गाडीत घालून आम्ही तिचे तळवे चोळत होतो.

नानांनी ती तार पुढं कित्येक महिने काढली नव्हती. कापडं कुणी टाकत नव्हतं, पण तार होती. मी एक दिवस पक्कड घेऊन मागं गेलो. नाना दारात बसले होते. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. मी शेवग्याच्या बाजूनं तोडली, तशी ती झणकन उडून पत्र्यावर आपटली. मग नाना उठले आणि अँगलची गाठ त्यांनी सोडवली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. पण नाना जिवंत होते तोवर दरवर्षी मृगाच्या आधी, शाकारणीच्या दिवसांत, ते बाजारातून दोरी आणायचे आणि पुढच्या अंगणात, रस्त्यावरनं दिसेल अशी वलणी स्वतः बांधायचे. पीळ द्यायला मला हाक मारायचे.

आता ते काम मी करतो. सात जूनच्या आत दोरी बदलतो आणि शिडी लावून खांबावरनं आलेली वायर बघतो. ती पत्र्याला टेकत नाही, लाकडाच्या आणि चिनी मातीच्या आधारावर उंच धरलेली आहे. वायर खराब दिसली तर स्वतः हात लावत नाही, मी वीजतंत्री असूनसुद्धा. वायरमनला बोलावतो आणि तो येईपर्यंत सूनबाईला सांगतो, कापडं गडग्यावर टाक.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. हे पुस्तक मिटवून मागच्या दारी जा. वलणी तारेची आहे का बघा. पत्र्याला, अँगलला, खांबाला बांधली आहे का बघा. असेल तर आधी वरची वायर कुठं टेकली आहे ते बघा. टेकलेली असेल किंवा शंका असेल तर तारेला हात न लावता वायरमनला बोलावून लाइन बंद करून घ्या, आणि मग तार तोडा. तोडणारा हात बांधणाऱ्याचाच असावा. आणि नवी दोरी कुठं बांधायची ते घरातल्या बाईला विचारा. ती सांगेल तिथंच बांधा.